राहतं घर

भावाने आईच्या पलंगावरची चादर दोन्ही हातांनी चुरगळली, उशीत एक बुक्की मारली आणि दोन पावलं मागे सरकून आपली कारागिरी न्याहाळली.

"आता वाटतंय ना, कुणीतरी झोपून उठल्यासारखं?"

"कुणीतरी मारामारी करून उठल्यासारखं वाटतंय," बहीण दारातूनच म्हणाली.

आई जाऊन तीन महिने झाले होते आणि तेव्हापासून घराला कुलूप होतं. उद्या पहाटे चक्रीवादळ किनाऱ्यावर धडकणार होतं. भावाला घराच्या विम्याची आठवण आज सकाळी झाली. पॉलिसी चालू होती, पण तिच्यातली एक अट त्याने निघण्यापूर्वी जन्मात पहिल्यांदा वाचली. साठ दिवसांहून जास्त बंद असलेल्या घराला वादळाची भरपाई मिळत नाही. चार वाजता कंपनीचा माणूस व्हिडिओ कॉलवर घर बघून खात्री करून घेणार होता. तेवढ्यासाठी हे सगळं सोंग.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा याला रजा मिळत नव्हती. आज मिळाली होती. इस्त्रीचा शर्ट घालून तो आता सिंकमध्ये खरकटी भांडी रचत होता. खरकटी कसली, कपाटातल्या स्वच्छ ताटल्यांना त्याने येताना आणलेला सॉस फासला होता.

"दादा, आईने कधी खरकटी भांडी सिंकमध्ये ठेवलेली पाहिलीस?"

"त्या विमावाल्याला काय माहीत?"

"मला माहीत आहे ना."

"मग तू कर. तुला तर सगळंच येतं."

एवढं साधं खोटंही याला धड जमू नये, याची तिला किळस आली. तिने बाह्या सारल्या. ताटल्या धुऊन पालथ्या घातल्या. चादर ताणून बसवली आणि उशाकडचा एकच कोपरा दुमडला. चष्मा वर्तमानपत्रावर, काड्या मिटून. पाण्याच्या तांब्यावर पेला. सपाता पलंगाखाली, पलंगावरून उतरलं की लगेच पायात सरकतील अशा, थोड्या तिरक्या. खिडकी चार बोटं उघडी.

"वा! नाटकात जायला हवं होतंस तू," भाऊ म्हणाला.

चार वाजता फोन वाजला आणि तो तिनेच उचलला.

कंपनीचा माणूस काहीतरी चघळत बोलत होता. "मॅडम, छत दाखवा. हं. आता स्वयंपाकघर. छान, छान. आतली खोली?"

फोन समोर धरून ती आईच्या खोलीपाशी आली. तिची पावलं मंदावली. लोटलेलं दार तिने दोन बोटांनी, कुरकुर होऊ न देता ढकललं, आईच्या आजारपणात रोज ढकलायची तसं.

"ही बेडरूम," ती अगदी हळू म्हणाली.

"मॅडम, आवाज येत नाहीये. आत कुणी झोपलंय का?"

फोनच्या मागे उभा असलेला भाऊ जोरजोरात मान हलवू लागला. दोन्ही तळवे गालाखाली धरून, डोळे मिटून त्याने झोपून दाखवलं. पन्नाशीचा माणूस.

ती दाराला हात लावून उभी राहिली.

"मॅडम? कोण राहतं म्हणून लिहू? एक नाव टाकायचंय फक्त."

"कुणी नाही," ती म्हणाली. आता आवाज नीट जात होता. "तीन महिने झाले. इथे कुणी राहत नाही."

चघळणं थांबलं. "मग मला बंद घर असं लिहावं लागेल. वादळाचं काहीही मिळणार नाही, बघा."

"लिहा."

फोन बंद होताच भाऊ उसळला. "अक्कल गहाण टाकलीस का? पाच मिनिटं थाप मारता येत नाही? उद्या छप्पर उडालं तर तू उभं करणार आहेस?"

तिच्याकडे उत्तरं होती. तीन महिने घासून धार लावलेली. तिने चादरीचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

त्याने घड्याळ पाहिलं. खिशातली गाडीची किल्ली काढली, पुन्हा खिशात टाकली. समुद्राकडच्या खिडकीशी जाऊन काचेवर उगाच टकटक केलं.

"मागच्या खोलीत फळ्या होत्या," तो पाठमोराच म्हणाला.

"आहेत अजून."

त्याने शर्ट काढून खुर्चीवर टाकला. बनियन पाठीवर विरलं होतं.

"तू धर. मी ठोकतो."

पहिला खिळा वाकला. दुसराही वाकला. तिने तिसरा खिळा त्याच्या हातात दिला आणि फळी पुन्हा दोन्ही हातांनी दाबून धरली.