माझं तोंड कुणी बंद केलं?

मी बोटाला लावायचा चिमटा बोलतोय. बोलतोय कसला, संतापलोय! दातांच्या दवाखान्यात माझा मुक्काम. घाबरट पोरांना गुंगीचं औषध दिलं की माझं काम सुरू. पोराचं बोट माझ्या जबड्यात, वायरीपलीकडच्या पडद्यावर आकडा: रक्तात प्राणवायू किती. आकडा बरा असला की मी पोराच्या काळजाच्या ठोक्याबरोबर संथ टिकटिकतो, उतरला की बोंब ठोकतो. दुसरं काही येत नाही मला, पण येतं ते चोख.

तरी माझा आवाज बंद केला! मदतनीस ताई म्हणाल्या, "डॉक्टर, या टिकटिकीनं बाहेरची पोरं रडतात हो."

"करा बंद. आपले डोळे आहेत ना?"

डोळे! दाढेत खुपसलेले डोळे पडद्याकडे वळणार कधी?

मग आली भिंगरी. वय सहा, दाढ किडलेली, खुर्ची दिसली की पायांना चाकं. आजीनं कशीबशी धरून आणलेली. औषध पोटात गेलं नि पोर पेंगली. ताईंनी आजीला कोपऱ्यात बसवून बजावलं, "मध्ये बोलायचं नाही हं."

म्हणजे मुके आम्ही दोघं.

डॉक्टर दाढ कोरत असताना भिंगरीची हनुवटी छातीकडे झुकली, श्वासाची वाट अडली. सत्त्याण्णव. त्र्याण्णव. एकोणनव्वद. मी जिवाच्या आकांतानं लुकलुकतोय, कुणाला पत्ता नाही!

"अहो, तो आकडा खाली का चाललाय?" आजी कडाडली.

डॉक्टरांनी हत्यार टाकलं, हनुवटी उचलली. ताईंनी नाकावर प्राणवायू धरला. भिंगरीनं खोल श्वास घेतला, आकडा चढला.

आजी माझ्याकडे बोट दाखवत उठली. "याला आवाज नाही?"

"आहे... पण पोरं घाबरतात म्हणून..." ताई चाचरल्या.

"म्हणून राखणदाराच्याच तोंडात बोळा? धन्य आहे तुमची! घाबरलेल्या पोराला चार शब्द सांगायला जीभ झिजते का?"

अर्धी राहिलेली दाढ पुढच्या आठवड्यात. या खेपेला माझा आवाज चालू. औषध द्यायच्या आधी आजीनंच मला भिंगरीच्या बोटाला लावलं. "ऐक, हे तुझं काळीज बोलतंय."

भिंगरी कान देऊन ऐकत राहिली. रडली नाही. तेवढ्यात ताईंचा हात सवयीनं बटणाकडे गेला.

"ताई, माझं काळीज बंद करू नका!"

हात मागे आला. दाढ नीट झाली.

पण बाबांनो, दर पोरामागे अशी आजी येत नाही. मला ओरडू द्या.