कण्हेरीची छाटणी

"चल गं बाई, अजून एक फेरी," मोतद्दार काकुळतीला येऊन घोडीला म्हणाला. ती घामाने निथळत होती, पण तो दोरी ओढत होता म्हणून निमूट चालत होती. घोड्याचं पोट दुखलं की त्याला बसू द्यायचं नाही, चालवत राहायचं, हे त्याच्या बापाने शिकवलेलं.

ही तबेल्यातली सर्वांत नखरेल घोडी. दुसऱ्याच्या हातची बादली आली की मान फिरवायची. मोतद्दाराची बायको तिला 'सवत' म्हणायची, आणि त्यात थट्टा निम्मीच होती.

डॉक्टर आले. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. मग गव्हाणीत हात घालून त्यांनी वाळल्या गवतातून एक लांबट पान काढलं.

"ही कण्हेर इथे कशी?"

मोतद्दाराच्या तोंडचं पाणी पळालं. चार दिवसांपूर्वी कुंपणाची कण्हेर त्यानेच छाटली होती आणि फांद्या गवताच्या गंजीशेजारी टाकल्या होत्या.

"पण साहेब, घोडं कण्हेरीला तोंड लावत नाही. कडूजहर असते ती."

"हिरवी असताना. वाळल्यावर गवतात कळत नाही, विष मात्र तेवढंच राहतं. थेट हृदयावर जातं. हिला पाऊलभरही चालवायला नको होतं. किती वेळ चालवताय?"

"आत्ताच उठवली होती," बायको घाईने म्हणाली.

"दोन तास," मोतद्दार म्हणाला.

डॉक्टरांनी घाईने बॅग उघडली. त्यांनी इंजेक्शन दिलं, तिला आत नेऊन बसवलं. पण मोतद्दार जवळ गेला की ती पाय रोवून उठायला बघायची. तो आला म्हणजे फेरी मारायची, एवढंच तिला कळत होतं.

"तुम्ही बाहेर जा," डॉक्टर हळूच म्हणाले. "तुम्ही दिसलात की ती उठते."

"वाचेल ना, साहेब?"

"अवघड आहे. पडून तरी राहू दे तिला."

तो भिंतीमागे जाऊन बसला. अकरा वर्षं तिचं सगळं त्याने केलं होतं आणि आता तिच्याजवळ बसायचीही सोय उरली नव्हती. आत बायको सवतीच्या मानेवरून हात फिरवत तिला "माझी बाय ती" म्हणत होती. घोडीचा श्वास अडकत अडकत येत होता.

त्याला हुंदका फुटला. आवाज ऐकून ती उठेल, म्हणून त्याने शर्टाची बाही दातांत गच्च धरली.