सहाणेवरची गोळी

माझं माहेर साताऱ्याकडं, कोरेगावच्या अंगाला. आमच्याकडं पोरगी बोलाय शिकली की त्याच्याच पाठोपाठ भांडाय शिकती. लगीन होऊन कवठे महांकाळच्या बाजूला आले, तवा पयल्याच बाजाराच्या दिशी साऱ्या गल्लीला माझा आवाज ठावा झाला. आमचं मालक लालासाहेब मिलिटरीत. सुट्टी संपवून निघालं की म्हनायचं, तोफांचं मला काय वाटत न्हाई, घरचीच सवय हाय. असली मी. आन् त्याच मला, दुष्काळाच्या दुसऱ्या साली, माझी लेक बनू झाल्यावर काय झालं ते कुनालाच कळंना.

आधी थंडी शिरली. भर चैतात लोकं अंगनात उघड्यावर निजत व्हती आन् मी मालकांचा मिलिटरीचा सोटर घालून वर घोंगडं पांघरायची. मग झोप. भाकरी थापता थापता डोळं मिटायचं. त्वांड सुजलं, केस फनीत यायला लागलं, आन् आवाज असा घोगरा झाला की दारावरचा कल्हईवाला मला गडीमानूस समजून 'पावनं' म्हनाला. बोलाय सुरवात करायची आन् अर्ध्यात विसरायची. गल्लीतल्या बाया म्हनायच्या, रंगूबाईला माज आलाय, काम नगं. लय राग यायचा मला. पन राग काढायलाबी अंगात जोर लागतो, तो कुठनं आनायचा?

एक दिस बनूला मांडीवर घेऊन चुलीम्होरं बसले आन् माझा डोळा लागला. पोरगी घरंगळत चुलीच्या तोंडाशी गेली. माझी धाकटी जाऊ मनू, दीर नाथाजीची बायको, तिनं झेप घालून उचलली. कुंचीची किनार जळली व्हती. आत्याबाई, म्हंजे आमची सासू, परड्यातनं धावत आली. तिनं पोरगी मनूच्या वटीत घातली आन् मला म्हनली, "तुझं हातपाय ठिकानावर आलं की पोरगी तुझी. तवर हिच्याकडं." मनूला मूलबाळ न्हवतं. तिनं बनूला अशी छातीशी धरली, जनू तिचीच.

नाथाजीनं मला एस्टीनं सांगलीला नेलं. तिथल्या डाक्टरनं नुसतं बोलतं करून माझा आवाज ऐकला, गुडघ्यावर रबरी हातोडी मारून पाय किती सावकाश हलतोय ते बघितलं, आन् रगत काढून मुंबईला धाडलं. तिकडनं निकाल आला तवा त्यांनी सांगितलं, गळ्यात थायरॉईड म्हनून एक गाठ असती, तुमची ती सुस्त पडलीया, तिचं काम आता गोळी करनार. रोज सकाळी, चहाच्या आधी, उपाशीपोटी. मी इचारलं, किती दिस? ते म्हनलं, जन्मभर. मी हबकलेच. औषद म्हंजे ताप उतरला की बंद, एवढंच मला ठावं. पन पोरगी परत मिळनार असंल तर मी जन्मभर कडुलिंबाचा पालाबी खाल्ला असता.

मी सगळंच विसरायची, म्हनून गोळ्यांची बाटली आत्याबाईनं आपल्या ताब्यात घेतली. घरात समद्यांच्या आधी तीच उठायची. नुसती गोळी गिळायची हे काय तिला पटंना. बाळगुटी उगाळावी तशी ती गोळी सहाणेवर पान्यात उगाळायची आन् चमच्यानं माझ्या तोंडात घालायची. मी डोळं न उघडताच घ्यायची. आत्याबाईवर माझा इश्वास व्हता. बाई कडक, पन न्यायाची. घरात एकीला आलं ते दुसरीला आलंच पायजे, हा तिचा कायदा. मालकांनी एकदा मला एकटीला चपला आनल्या, तर तिनं मनूच्या पायाचं माप कवठ्याला धाडलं आन् तिच्या चपला येस्तवर माझ्या आढ्याला टांगून ठेवल्या.

सुरवातीला गुन आला. थंडी जरा हटली, बंद पडलेली पाळी सुरू झाली. त्वांड सुजलेलंच व्हतं, पन पाय हलकं वाटाय लागलं. आत्याबाई लय खूश झाली. मग काय इस्कटलं कोन जाने, मी परत जाग्यावर बसले. डाक्टरनं गोळी वाढवली. थोडं बरं वाटलं, पुन्ना तेच. त्यांनी आनि वाढवली आन् माझ्याकडं बघत इचारलं, रोज घेता न्हवं? मी म्हनले, न घ्यायला मी काय खुळी हाय?

इकडं मनूची येगळीच तऱ्हा. ती दोघींचं जेवन एकटी जेवायची आन् तरी वाळत चाललेली. हात थरथरायचं, बसल्या जागी घाम फुटायचा, छाती धरून भितीला टेकायची. गरीब सवबावाची बाई, आता येता जाता कुनावरबी कावायची. गावात कुजबूज सुरू झाली, मोठीनं पोरीपायी धाकटीवर करनी केली. आन् माझ्या डोस्क्यात दुसरंच भूत शिरलेलं. मी बरी झाले तर बनू कुनाच्या हातनं जानार? मनूच्या. मग माझ्या बाटलीत हात कोन घालत असंल? एक दिस मी तिला तोंडावर म्हनले, माझ्या गोळ्या चोरतीस तू. तिनं बनूला कडंवर घेतलं आन् परड्यात निघून गेली.

पुढं मनूच्या माहेरास्नं, जतास्नं, तिचा भाऊ गुंडा आला. भनीच्या अंगावरची हाडं बघून त्याचं डोस्कं फिरलं. अंगनात उभं ऱ्हाऊन साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हनला, "माझ्या भनीला हितं कोन तरी कायतरी चारतंय." आत्याबाई अशी खवळली म्हनता! आमच्या घरान्यात असलं कोनी केलं न्हाई न् करनारबी न्हाई, असं तिनं त्याला सुनावलं. मीबी घोगऱ्या आवाजात चार शिव्या हासडल्या. तो मनूला घेऊन गेला. बनू तिच्या गळ्याला मिठी मारून रडाय लागली, सोडंचना, म्हनून तीबी गेली. माझी पोरगी माझ्या डोळ्यादेखत जताला चालली आन् मला उठून उंबऱ्यापातूर जायाला जमलं न्हाई.

आन् मग मी उठले. खरंच उठले. सूज उतरली, गालफडं बसली, आवाज मोकळा झाला. उजाडायच्या आत घर सारवून बसायची. आत्याबाई म्हनली, देव पावला. मी म्हनले, आता जताला जाते आन् पोरगी आनते. पन जरा दिस गेलं आन् छाती अशी धडधडाय लागली की लुगड्यावरनं दिसायची. हात कापायचं, भाकरी तव्यात नीट पडंना. घाम, तगमग, डोळ्याला डोळा न्हाई. मनूचं समदं दुखनं जसंच्या तसं माझ्या अंगात आलं व्हतं. मला वाटलं, करनी खरीच हाय आन् ती उलटलीया. शेवटाला हिरीवर घागर उचलली न् तिथंच कोसळले.

सांगलीला ह्या येळी नाथाजीसंगं आत्याबाईबी आली. डाक्टरनं माझी नाडी धरली न् घड्याळाकडं बघत ऱ्हायलं. हीच गोळी, एवढीच मात्रा, इतकं महिने लागू पडली न्हाई, आन् आता एकाएकी इख कशी झाली, असं ते आपल्याशीच म्हनत व्हतं. मग त्यांनी इचारलं, गोळी देतं कोन? आत्याबाईनं पदर सारखा केला आन् म्होरं झाली.

"मीच देते की, उगाळून."

"पूर्ण देता?"

"आता पुरी देते. धाकटी माहेरी गेलीया न्हवं. ती व्हती तवा दोघींस्नी निम्मी-निम्मी. आमच्या घरात एकीला एक आन् दुसरीला न्हाई, असं कवाच झालं न्हाई."

डाक्टरनं माझा हात सोडला. आत्याबाई मातूर अभिमानानं सांगत व्हती. थोरलीची पाळी ह्या गोळीनं सुरू झाली, मग धाकटीचीबी कूस उजवंल, म्हनून तिनं मनूच्या चहातनं निम्मी गोळी सुरू केली. मनूला सांगितलं न्हाई, कारन औषदाचं नाव घेतलं की त्याचा गुन जातो. डाक्टर जसजशी गोळी वाढवत गेलं, तसतसा मनूचा वाटाबी वाढत गेला.

"आजी," डाक्टर सावकाश म्हनलं, "तुमच्या धाकट्या सुनेला कसलाच आजार नव्हता. तो तुम्ही दिलात. आणि हिचं हृदय आज बंद पडलं असतं."

गुंडा खरं बोलला व्हता. अंगनात उभं ऱ्हाऊन, साऱ्या गल्लीदेखत, खरं बोलला व्हता, आन् आमी त्याला शिव्या घातल्या. आत्याबाई तिथंच फरशीवर बसली आन् म्हनली, "मी तर सारखंच वाटलं की ओ."

डाक्टरनं काय दिस गोळी बंद ठेवली, मग बारक्या मात्रेनं परत धरली. आता मी माझ्या हातानं अख्खी गिळत व्हते. छाती शांत झाल्यावर मी, आत्याबाई आन् नाथाजी जताला गेलो. गुंडा मेंढरं सोडायच्या तयारीत व्हता. आमाला बघून त्यानं पान्याचंबी इचारलं न्हाई. आत्याबाईनं त्याच्या अंगनात उभं ऱ्हाऊनच समदं सांगितलं, काय म्हंजे काय झाकलं न्हाई. त्यानं हातातली काठी भितीला लावली आन् मनूला हाक मारली. मनू दारात आली. माहेरच्या भाकरीनं न्हवं, नुसतं आमचा चहा सुटल्यानं तिचं गाल भरलं व्हतं.

"म्हंजे मला काय झालंच न्हवतं?" ती म्हनली. "अक्का, मी मरनार म्हनून रोज पोरीला सांगत व्हते, तुझी आई कवठ्याला हाय, ती तुला न्यायला येनार हाय."

आन् मी तिला चोर म्हनले व्हते. मला तिच्याकडं बघवंना.

बनू आता चालत व्हती. मनूच्या मागनं डोकावली. मी हात पसरलं आन् माझ्या खनखनीत आवाजात हाक मारली, बनू, ये. ती मनूच्या लुगड्यात शिरली. मी पुन्ना हाक मारली, तर भोकाड पसरलं. मनू तिला म्होरं ढकलत व्हती, अगं तुझी आई हाय ती. पोरगी माझ्या तोंडाकडं बघायची आन् आनि मोठ्यानं रडायची. मग माझ्या ध्यानात आलं. तिला दिसाय-कळाय लागल्यापास्नं तिनं बघितलेली आई सुजलेली, घोगरी व्हती. ही वाळकी, मोठ्या आवाजाची बाई कोन? जी बरी व्हायची म्हनून मी इतकं सोसलं, ती बरी झालेली मी माझ्याच लेकीला परकी.

मी खाली बसले. पदर तोंडावरनं फुडं वढला. आन् ज्या आवाजाची मला शिसारी यायची, तो गळ्यातनं खरवडून काढला. जडपनानं, थांबत थांबत म्हनले, "बनू... ये गं."

रडं थांबलं. बारकी पावलं आली. तिनं पदर वर करून खाली वाकून बघितलं आन् इचारलं, "आई?"

त्याच दिशी आमी समदी परत निघालो, मनूबी. एस्टीत बनू माझ्या मांडीवर बसली, एक हात मनूच्या पदरात धरून. पार कवठे येस्तवर मी त्या घोगऱ्या आवाजातच बोलत ऱ्हायले.