तिचे तीन बार

मित्रांनो, मी एक जुनी रिव्हॉल्व्हर आहे, आणि तीही खोटी. घाबरू नका, माझ्या पोटात दारूगोळा नाही. मुठीत गॅसची एक छोटी कुपी बसते आणि तिच्या जोरावर मी शिशाचे बारीक छर्रे फेकते. लांब नळी, मागे ओढायचा घोडा, सहा घरांची गोल चक्री; घोडेस्वारांच्या जुन्या सिनेमात दिसते ना, हुबेहूब तशी. पण खऱ्यांत मला कोणी घेत नाही आणि खेळण्यांत बसायला मी जड पडते.

दुकानाच्या काचेआड मी बरेच दिवस काढले. मग घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांनी मला घरी आणलं. घरात ते आणि त्यांची कॉलेजात जाणारी लेक, दोघंच. लेकीच्या आत्याने मला पाहून कपाळाला हात लावला.

"अरे, या वयात हे काय खूळ?"

"दिवसभर बारीक काट्यांकडे बघतो गं," ते म्हणाले. "संध्याकाळी जरा लांबचं बघावं म्हटलं."

रोज संध्याकाळी आम्ही गच्चीवर जायचो. भिंतीला टेकवून जुन्या कपड्यांनी ठासलेलं पोतं, त्याच्यापुढे फळीवर रिकामे डबे. दोघांच्या डोळ्यांवर जाड चष्मे. सहा बारांतले तीन त्यांचे, तीन तिचे, आणि एकाचे छर्रे दुसऱ्याने भरायचे, असा त्यांचा नियम होता.

"बाबा, हात हलतोय तुमचा."

"हात कुठला? डबा हलतोय."

डबा ठणकन पडला की ती मला कुरवाळायची. त्या दिवसांत मी फार मिजाशीत होते, हे कबूल करते.

पुढे तिला दूरच्या शहरात नोकरी लागली. निघताना ती म्हणाली, "मी आले की पहिला बार माझा हं!" तिची गाडी वळणाआड गेल्यावर बाबांनी माझ्यात नवी कुपी बसवली, सहाही घरं भरली आणि मला टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावलं. उभा जन्म त्यांनी घड्याळांत घालवला होता. चावी दिलेलं यंत्र निरोगी राहतं आणि बंद ठेवलेलं आखडतं, ही त्यांची पक्की समजूत. मलाही त्यांनी चावी देऊनच ठेवलं होतं.

पण मी घड्याळ नव्हे, मित्रांनो. कुपीच्या तोंडाशी माझ्या आत एक रबरी वॉशर आहे. गॅसच्या दाबाखाली तो रात्रंदिवस चेपत राहिला, मग चिरला, आणि गॅस हळूहळू निघून गेला. मला ते कळत होतं, पण ओरडून सांगणार कशी? वर टेबलावर घड्याळं टिकटिकत होती. दीड वर्ष मी अंधारात तिची वाट पाहिली. तिच्या पहिल्या बारालाच मी दगा देणार, या धास्तीने मी अर्धी झाले होते.

ती आली ती दोनच दिवसांसाठी. निघायच्या दिवशी दुपारी गच्चीवर बाबांनी मला मोठ्या ऐटीत तिच्या हातात दिलं. "भरून तयार आहे. मार!"

तिने घोडा ओढला, नेम धरला, चाप दाबला. ठक. पुन्हा ठक.

"बाबा, कुपी आत ठेवलीत? इतके दिवस? ती काढून ठेवायची असते हो."

"तू आलीस की लगेच मारता यावं म्हणून..." बाबा म्हणाले. ती त्यांच्या दंडाला धरून उभी राहिली. खालून गाडीचा हॉर्न वाजला आणि ती गेली.

त्यानंतर आठवडाभर बाबांनी डोळ्याला भिंग लावून मला उघडलं, पुसलं, नवा वॉशर बसवला, त्याला तेलाचा थेंब लावला. मी ठणठणीत झाले. ते गच्चीवर गेले आणि त्यांनी फक्त तीन घरं भरली. तीन बार मारले आणि बोटाने माझी चक्री फिरवत राहिले. मित्रांनो, तिच्या वाट्याची तीन रिकामी घरं मला फार जड झाली.

मग त्यांनी खिशातून फोन काढून तिला लावला, तो स्टुलावर ठेवला आणि उरलेली घरं भरली. "ऐक गं," ते म्हणाले, "तुझी पाळी."

"थांबा, श्वास रोखा. आता मारा!" तिचा आवाज आला.

मी उडाले.

आता सहा बार झाले की बाबा न चुकता माझी कुपी काढतात. तुम्हीही तुमच्या वस्तू ठेवताना त्यांना कशाने इजा होते ते आधी विचारून घ्या. नुसत्या मायेने आमचं भागत नाही.

आणि हो, त्या बाराचं राहिलंच. "लागला का?" तिने विचारलं. "लागला की!" बाबा म्हणाले. डबा जागचा हलला नव्हता. तुम्ही तिला सांगू नका.