चेंगडूच्या गल्ल्यांची वही

इलाला अडवलं तेव्हा ती डेटा सेंटरच्या कुंपणासमोर, रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर उभी होती. मंगळवार, दुपारचे चार. सुरक्षारक्षकानं तिचं लायसन्स पाहिलं, नाव लिहून घेतलं आणि तिच्या वहीतल्या चित्राचा फोटो काढला. चित्रात गेट होतं, कुंपण होतं आणि कुंपणाला टेकून जेवणारे दोन मजूर होते.

हे तिनं रात्री जेवताना हसत हसत सांगितलं. अतुलनं हातातला घास ताटात ठेवला.

"चीनहून येऊन महिना नाही झाला आणि तू डेटा सेंटरचं गेट ड्रॉ करतेस?"

"बाबा, मी माणसं ड्रॉ करत होते. इथे अ‍ॅशबर्नमध्ये फुटपाथवर माणसं दिसणं हीच न्यूज आहे."

"जोक करू नकोस. गुरुवारी माझ्या इन्व्हेस्टिगेशनसाठी घरी येतायत."

माझ्या नवऱ्याचं, अतुलचं, काम अमेरिकन सरकारच्या कंत्राटावरचं आहे. त्यासाठी सुरक्षा क्लिअरन्स, गुप्त माहिती हाताळायचा परवाना, लागतो. तो टिकवायला अधूनमधून चौकशी होते; शेजारी, सहकारी, घरचे, कुणालाही प्रश्न विचारतात. क्लिअरन्स गेला की नोकरी गेली. अतुल त्रेपन्न वर्षांचा आहे आणि त्याला दुसरं काम येत नाही, असं तो स्वतःच म्हणतो.

इला दोन वर्षं चीनमध्ये चेंगडूला इंग्रजी शिकवत होती. ते त्यानं फॉर्मवर रीतसर लिहिलं होतं.

"तुला विचारलं तर शाळा आणि अपार्टमेंट, एवढंच सांगायचं," तो म्हणाला. "फिरले वगैरे नाही."

"पण मी रोज फिरले. दोन दोन तास. तिथे तेच तर केलं मी."

"पण कशाला? टूरिस्ट जातात तिथं जावं, फोटो काढावेत, परत यावं. लोकांच्या गल्ल्यांत काय ठेवलंय?"

"तुला नाही कळणार. तू जिममध्ये चालायला पण कारनं जातोस."

"ती वही मला या घरात नको. आसावरी, सांग तिला."

मी त्याच्या ताटात भात वाढला. मी पाण्याची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. तिथं न बोलता दिवस निघतो, आणि घरीही सव्वीस वर्षं तसंच चाललं आहे.

बुधवारी सकाळी इलानं वही माझ्यासमोर ठेवली. "तू वाच. काय डेंजरस आहे ते मला दाखव."

वाचायला मला पाऊण तास लागला. प्रत्येक पानावर तारीख, वेळ, हवा. बहुतेक चित्रं चेंगडूतल्या एकाच वसाहतीची. इमारतीच्या बाल्कन्यांत थंडीत वाळत घातलेल्या सॉसेजच्या माळा, त्यांची संख्या, तेवीस. झाडाला आरसा टांगून दाढी करणारा न्हावी. माहजाँगच्या सोंगट्यांच्या डावात हरलेला आणि इलाला स्वतःची खुर्ची देऊन तणतणत निघून गेलेला म्हातारा. गेटशी शिवणयंत्र घेऊन बसणारी चौ आजी अकरा वेळा होती. तिनं इलाच्या पिशवीचा बंद शिवून दिला होता आणि ती वाळकी दिसते म्हणून चार माणसांसमोर तिला झापलं होतं. बाराव्या चित्रात यंत्राच्या जागी स्कूटर होती. खाली एवढंच: "आजी फेब्रुवारीत वारली. गेटवाल्यानं सांगितलं."

एका पानावर गेटवाल्यांच्या पाळ्यांच्या वेळा होत्या: सहा, दोन, दहा. दुपारचा गेटवाला चहा द्यायचा, म्हणून. सगळी वही वाचणाऱ्याला हे कळलं असतं. ते एकच पान पाहणाऱ्याला नसतं कळलं. अतुलची भीती अगदीच बिनबुडाची नव्हती, हे मी इथं नोंदवते.

"यात काही नाही," मी इलाला म्हटलं आणि कामावर गेले.

संध्याकाळी सहाला मी घरी आले तेव्हा अतुल बेसमेंटमध्ये होता. वहीची पानं सुटी करून तो पहिला गठ्ठा कागद कातरणाऱ्या श्रेडरमध्ये घालत होता. त्या यंत्रात एका वेळी आठ पानं जातात. शंभर पानं होती. मी जिन्यावर उभी राहिले. दर वेळी यंत्र थांबायचं, तो पुढची आठ पानं उचलायचा. थांब म्हणायची संधी मला तेरा वेळा मिळाली.

इला दुकानातून परतली आणि खाली आली.

"झालं," अतुल पिशवीला गाठ मारत म्हणाला. "पुढे कधीतरी थँक्यू म्हणशील."

"यू आर सिक, बाबा."

"माझ्या पगारावर मोठी झालीस. तेव्हा नव्हतो सिक."

ती माझ्याकडे वळली. "आई, तू इथेच होतीस?"

"हो."

"पूर्ण वेळ?"

"हो."

"मग तो बरा. त्याला निदान भीती तरी वाटत होती."

अर्ध्या तासात ती अनिकाकडे, तिच्या मैत्रिणीकडे, निघून गेली. अतुलनं जेवण गरम केलं आणि मलाही वाढलं. मी जेवले.

गुरुवारी दहाला चौकशीसाठी साठीची एक बाई आली. अतुल ऑफिसला गेला होता. आल्या आल्या तिनं न सांगता बूट काढले. दारू पिण्याचं विचारलं, कर्जाचं विचारलं, परदेशातल्या नातेवाइकांचं विचारलं. "मुलगी चीनमध्ये शिकवत होती ना? छान अनुभव मिळाला असेल," असं म्हणून तिनं फॉर्मवर एक खूण केली आणि पान उलटलं. मंगळवारच्या रक्षकाबद्दल ती एक शब्द बोलली नाही. तिला ते माहीतच नसावं.

"शेवटचा प्रश्न. तुमच्या पतीच्या प्रामाणिकपणाविषयी शंका यावी असं काही?" पेनला टोपण लावता लावताच तिनं विचारलं. उत्तर तिनं जवळजवळ लिहूनच टाकलं होतं.

"आहे," मी म्हटलं.

तिनं टोपण काढलं. मी तिला बेसमेंटमध्ये घेऊन गेले. गाठ मारलेली पिशवी अजून श्रेडरशेजारीच होती.