आठ बोल्ट

मिस्त्री गिऱ्हाइकाला कधी काही विचारत नसे. गाडी गॅरेजच्या दारात आली की मालक बिचारा सांगायला तोंड उघडायचा, चढावर कुठूनतरी खडखड येते वगैरे, आणि मिस्त्री हात वर करून त्याला गप्प करायचा. मग दार दोनदा आपटून, इंजिनाला कान लावून, गाडीखाली शिरून काय ते स्वतःच ठरवायचा. तीस वर्षं हे असंच चाललं होतं. त्याचा अंदाज क्वचितच चुकायचा, म्हणून तर स्वभाव सुधारण्याची आशा बायकोनंही केव्हाच सोडून दिली होती.

तर अशा माणसानं लेकीसाठी गाडी बांधायला घेतली आणि तिलाही काही विचारलं नाही, यात नवल ते काय.

लेक पाणी मोजणाऱ्या खात्यात होती. नदीच्या वरच्या अंगाला पाच ठिकाणी पात्रात आकड्यांच्या पट्ट्या रोवल्या होत्या. दर सोमवारी वर जायचं आणि पाणी कितव्या आकड्याला टेकलंय ते टिपून आणायचं, हे तिचं काम. खालच्या वस्त्यांना पुराची सूचना मिळायची ती याच आकड्यांवरून. दोन वर्षांपूर्वी चौथ्या पट्टीजवळ शेवाळलेल्या खडकावरून तिचा पाय सटकला आणि कमरेखालचं अंग कायमचं गेलं. तेव्हापासून चाकाची खुर्ची, ऑफिसातलं टेबल आणि दुसऱ्यांनी आणलेले आकडे उतरवत बसणं. टेबलाला ती विटली होती. साहेबांच्या मागे लागून लागून तिनं शेवटी एक संधी पदरात पाडून घेतली. महिना संपायच्या आत वरची फेरी करून दाखवायची, आणि एकटीनं, कारण त्या जागेला ड्रायव्हर मंजूर नव्हता. पट्ट्या रस्त्यावरून दुर्बिणीनं वाचता येत होत्या. प्रश्न होता तिथवर पोचायचा. जमलं तर फेरी पुन्हा तिची. नाही जमलं तर ती जागा दुसऱ्याला, आणि टेबल हिच्या गळ्यात जन्मभर.

मिस्त्रीनं हे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजच्या मागे पडलेली जुनी जीप बाहेर ओढली. बॉडी गंजून तिची चाळण झाली होती, पण खालची चेसी ठणठणीत होती. चारही चाकांना जोर, गिअर ऑटोमॅटिक, म्हणजे क्लचची भानगड नाही. ओढ्यातल्या दगडगोट्यांवरून चालताना तिला घाम फुटत नसे. अडचण एवढीच की जीपच्या दारातून खुर्ची आत जाणं शक्य नव्हतं. म्हणून त्यानं भंगारातून एका लाँड्रीची बंद गाडी उचलून आणली. तिचं इंजिन संपलेलं, पण बाजूला सरकतं रुंद दार, तळ सपाट आणि पत्रा शाबूत. जीपचे पाय ठेवायचे आणि त्यांवर लाँड्रीचं धड बसवायचं, असा बेत ठरला.

तीन आठवडे त्यानं जिवाचं रान केलं. जीपची बॉडी कापून फेकली, चेसी घासून तिला काळा रंग दिला. लाँड्रीची बॉडी चेसीपेक्षा वीतभर लांब निघाली, तेवढी मागून कापली. बॉडी जिथे टेकणार तिथे आठ लोखंडी कंस, म्हणजे ब्रॅकेट, जोडले, प्रत्येकावर रबराची जाड चकती ठेवली आणि साखळीच्या कप्पीनं बॉडी अलगद खाली उतरवून आठ बोल्टांनी आवळली. सरकत्या दारापाशी खुर्ची उचलून घेणारी फळी बसवली, जीपच्याच बॅटरीवर चालणारी. लेक अंघोळीला गेली की तिची खुर्ची बाहेर रिकामी असायची. तेव्हा मिस्त्री हळूच जाऊन वितीनं मापं घेऊन यायचा. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. त्याचा मेहुणा रंगारी होता, त्यानं गाडीला हिरवा रंग दिला. एका बाजूचं 'चोवीस तासांत परत' हे लाँड्रीचं वाक्य रंगातूनही पुसट दिसत राहिलं, तेव्हा आणखी एक हात मारीन म्हणाला.

महिना संपायला नऊ दिवस उरले असताना मिस्त्रीनं लेकीला गॅरेजात बोलावलं. चेहऱ्यावर काही दिसू नये म्हणून तो उगाचच पाने पुसत बसला होता.

लेक फळीवरून आत चढली. मागच्या बाजूला खुर्ची अडकवायला चार लोखंडी आकडे होते, बांधून घ्यायला जाड पट्टा होता, पट्टा काचू नये म्हणून लाल रेक्झिनची गादी होती आणि बाजूला तिच्यासाठी कापून बसवलेली खास खिडकी होती. तिनं गादीवरून हात फिरवला. मिस्त्रीला वाटलं, पोरीला भरून आलं.

"आणि मी चालवायची कुठून?" तिनं विचारलं.

चालवायला मामा आहे की, मिस्त्री म्हणाला. मामानं एकदम रंगाच्या डब्यात तोंड घातलं. लेकीनं शांतपणे आठवण करून दिली की अट एकटीनं जायची आहे. त्यावर मिस्त्रीनं हात झटकला. वर डोंगरात कोण बघायला येतंय? पुनर्वसनाच्या इस्पितळात तिनं हातांनी गाडी चालवायला शिकून लायसन काढलं होतं हे त्याला ठाऊक होतं. पण ते सपाट रस्त्याचं लायसन, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. लेकीला पुन्हा एकदा त्या रस्त्यावर एकटं सोडायला त्याचं मन धजत नव्हतं. ही गोष्ट त्यानं तीन आठवड्यांत मेहुण्यालाही सांगितली नव्हती.

लेक खाली उतरली, खुर्चीतून बाकावर सरकली आणि रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"बसा, बाबा. ओढ्यापर्यंत एक फेरी मारून या."

हा काय पोरखेळ, असं मिस्त्री पुटपुटला. पण बायको चहाचे कप घेऊन दारात येऊन उभी होती आणि तिची नजर त्याला चांगली ओळखीची होती. तो मुकाट्यानं बसला. मेहुण्यानं आकडे लावले, पट्टा आवळला आणि गाडी सुरू केली.

पहिल्याच वळणाला त्याला चूक कळली. माप रिकाम्या खुर्चीचं घेतलं होतं. गाडीच्या सीटपेक्षा खुर्ची उंच, त्यावर माणूस बसला की डोळे त्याहून वर. खिडकीची वरची कड नेमकी त्याच्या डोळ्यांसमोर आली. समोर पत्रा. मान खाली घातली की चाकाजवळची धूळ दिसायची. मान वर केली की छत. पुढे मेहुण्याच्या डोक्याचा मागचा भाग. ओढा आला तो पाण्याचा आवाज आला म्हणून कळला. गाडी दगडावरून कलली तेव्हा पट्ट्यानं त्याला पोत्यासारखं धरून ठेवलं आणि त्याला एकदम मेहुण्यावर ओरडावंसं वाटलं, अरे डावीकडून घे. ओरडून उपयोग नव्हता, कारण डावीकडे काय आहे ते त्याला दिसतच नव्हतं.

जिचा जन्म पाण्याकडे बघण्यात गेला तिला त्यानं पत्र्याकडे तोंड करून बसवलं होतं.

गॅरेजात परत आल्यावर तो पट्टा सोडून उतरला आणि चहा न घेताच स्टिअरिंगपाशी जाऊन उभा राहिला. चूक झाली वगैरे बोलायची त्याला सवय नव्हती. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर हातानं चालवायचा दांडा कुठे मिळतो, तेवढं त्यानं विचारलं. लेक म्हणाली, मी तो महिन्यापूर्वीच मागवलाय, पलंगाखाली खोक्यात आहे. मिस्त्रीनं बायकोकडे बघितलं. बायकोनं कप गोळा करायला घेतले.

पण त्याच्याकडे शेवटचा एक मुद्दा शिल्लक होता, आणि तो खोटा नव्हता. नव्या चेसीवर बसवलेली बॉडी पहिल्या खडकाळ रस्त्यावर बसते. रबर दबतं, बोल्ट सैल पडतात. सपाट रस्त्यावर शंभर किलोमीटर फिरवून काही होत नाही, त्याला दगडधोंडेच लागतात. तेव्हा थांबून आठही बोल्ट पुन्हा आवळावे लागतात, नाहीतर बॉडी सरकते आणि स्टिअरिंगचा दांडा घासायला लागतो. त्यानं बांधलेल्या प्रत्येक गाडीच्या पहिल्या फेरीला तो स्वतः बरोबर गेला होता आणि वाटेत गाडीखाली शिरला होता. हिच्याबरोबर तो जाऊ शकत नव्हता. आणि ही गाडीखाली शिरू शकत नव्हती.

हे सगळं त्यानं सांगितलं. सांगताना आपण जिंकलो असं त्याला वाटायला हवं होतं, पण तसं वाटलं नाही.

लेकीनं विचारलं, "बोल्ट खालूनच का आवळायचे?"

"तसेच आवळतात."

"का पण?"

मिस्त्री वाकून गाडीखालच्या एका कंसाकडे बघायला लागला. त्याच्या उस्तादानं खालून आवळले होते, म्हणून त्यानं खालून आवळले. बोल्टाचं डोकं वर काढून खालचा नट कंसालाच वेल्ड करून टाकला, तर गाडीत बसल्या बसल्या आवळता येईल, हे सांगायला तीस वर्षांत कुणी आलं नव्हतं. किंवा आलंही असेल, आणि त्यानं हात वर करून त्याला गप्प केलं असेल.

"बॉडी परत उचलावी लागेल," तो म्हणाला.

रंगारी मेहुण्यानं कपाळाला हात लावला. त्याचा रंग अजून पुरता वाळला नव्हता.

पुढच्या आठ दिवसांत गॅरेजात जे घडलं ते मिस्त्रीच्या हयातीत कधी घडलं नव्हतं. तो विचारायला लागला. दांडा किती पुढे हवा? हात इथवर पोचतो का? खुर्चीतून सीटवर सरकताना जोर कुठल्या हातावर येतो? लेक गाडीत बसून सांगायची, तो खडूनं खूण करायचा, कापायचा, जोडायचा, पुन्हा तिला बसवायचा. चालवायची सीट रुळावर घेतली, म्हणजे ती मागे सरकून खुर्चीला भिडेल. लाल गादी तिनं काढू दिली नाही, ती सीटच्या पाठीला लावून घेतली. सीटचं माप दोनदा चुकलं आणि तिसऱ्यांदा जमलं. चिडचिड झाली, एकदा तर दोघं अर्धा दिवस एकमेकांशी बोलली नाहीत आणि निरोप मामाच्या तोंडून पाठवत राहिली. पण काम थांबलं नाही. बॉडी वर गेली, आठ नट कंसांना वेल्ड झाले, बॉडी खाली आली. आता आठही बोल्टांची डोकी गाडीच्या आत होती. लेकीनं गॅरेजातला एक लहान पाना स्वतःजवळ ठेवून घेतला. पुढचे चार बोल्ट तिला सीटवरून वाकून हाताशी यायचे. मागच्या चारांसाठी तिनं सीटवरून खाली गाडीच्या तळावर उतरून सरपटत जायचं ठरवलं आणि तसं जाऊन दाखवलंही. मिस्त्रीला ते बघवेना. तरी तो बघत उभा राहिला.

रविवारी रात्री शेवटचा बोल्ट आवळल्यावर त्यानं नेहमीसारखी खडूची पांढरी रेघ ओढली, बोल्टाच्या डोक्यावरून थेट तळाच्या पत्र्यापर्यंत. बोल्ट फिरला की रेघ तुटते, त्यावरून तो किती फिरला ते कळतं.

सोमवार हा महिन्याचा शेवटचा दिवस होता. सहा वाजता लेक निघाली. मिस्त्रीनं सूचनांची यादी पाठ करून ठेवली होती, पण तिनं इंजिन सुरू केलं आणि त्याला त्यातलं एकही वाक्य आठवेना. तो फक्त म्हणाला, सावकाश. गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा हिरव्या रंगाखालचं 'चोवीस तासांत परत' उन्हात चांगलंच वाचता आलं. दुसरा हात मारायला मेहुण्याला वेळच मिळाला नव्हता.

त्या दिवशी मिस्त्रीनं एकाही गाडीला हात लावला नाही. एका गिऱ्हाइकानं क्लचचं रडगाणं सुरू केलं आणि मिस्त्रीनं ते चक्क शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तो माणूस घाबरून, तब्येत बरी आहे ना, असं विचारून गेला. दुपारी बायकोनं जेवायला बोलावलं, तेव्हा भूक नाही म्हणाला. मीही जेवले नाहीये, ती म्हणाली, आणि मग दोघं बळेच चार घास खाऊन परत दारात येऊन बसली.

ऊन उतरताना गाडीचा आवाज आला. मिस्त्रीनं आवाजावरूनच ओळखलं की इंजिनाला काही झालेलं नाही. चाकांपासून छतापर्यंत चिखलानं माखलेली गाडी आत शिरली. लेकीचे दोन्ही कोपर सोलवटले होते, कपडे तळावरच्या धुळीनं भरले होते आणि चेहरा असा होता की आईला पदर डोळ्यांना लावावा लागला. पाचही आकडे मिळाले होते. वरच्या टोकावरून तिनं साहेबांना फोन लावून ते सांगितले. साहेबांनी ते शांतपणे टिपून घेतले आणि म्हणाले, पुढच्या सोमवारीही तुम्हीच जा.

मिस्त्रीनं मान हलवली. आनंद त्याला इतका झाला होता की त्याचं काय करायचं ते कळेना. म्हणून त्यानं सवयीनं मोठा पाना उचलला आणि बोल्ट बघायला गाडीत चढला.

पहिल्या बोल्टाला पाना लावला. हलेना. दुसरा लावला, तोही हलेना. मग तो गुडघ्यांवर बसला आणि नीट बघितलं. आठही ठिकाणी त्याची पांढरी रेघ तुटली होती. आणि प्रत्येक तुटलेल्या रेघेशेजारी, आकडे टिपायच्या निळ्या पेनानं ओढलेली, एक नवी सरळ रेघ होती. मागच्या डाव्या बोल्टाची रेघ जरा वाकडी होती, तिथवर पोचायला तिला सर्वांत लांब सरपटावं लागलं असणार.

"तो जवळजवळ पाव फेरा फिरला," बाहेरून लेक म्हणाली. "तिसऱ्या पट्टीच्या पुढे."

मिस्त्रीनं पाना तिच्या सीटखालच्या खणात ठेवला आणि खण बंद केला. मग तो तिथेच, धुळीनं भरलेल्या तळावर, भिंतीच्या पत्र्याला टेकून बसला.

"सांग," तो म्हणाला. "कुठे काय वाजलं?"

लेकीनं पहिल्या वळणापासून सुरुवात केली. चहा निवून गेला, आईनं तो दुसऱ्यांदा गरम करून आणला, आणि तरी मिस्त्रीनं तिला मध्येच कुठेही थांबवलं नाही.