माप उतरल्यावर खडा

०५:०२ गठ्ठा १ उतरला. मोजले: ४००. पुढचा: २. आत्ता थांबलं, तर २ पुसा आणि २ पासून पुन्हा चालवा.

ही ओळ रविवारी पहाटे बेळगावच्या एका दवाखान्यातल्या कुलूपबंद खोलीत उमटली. मी ती जोयडा तालुक्यातल्या कुंभारवाड्याजवळच्या आमच्या वाडीत, पडवीत, चहा पिता पिता वाचली.

दवाखान्याच्या जुन्या यंत्रणेतून नव्या यंत्रणेत तीन लाख अठरा हजार रुग्णांच्या नोंदी हलवायच्या होत्या. चारशेचा एक गठ्ठा, असे सातशे पंच्याण्णव गठ्ठे. एका गठ्ठ्याला सव्वा मिनिट. म्हणजे साडेसोळा तास. सोमवारी सकाळी आठला केसपेपरची खिडकी उघडते. त्याआधी सगळं पलीकडे गेलेलं हवं.

एवढा वेळ चालणाऱ्या कामासमोर कुणी बसून राहत नाही. म्हणून कुठवर आलो ते काम स्वतःच लिहीत जातं. त्याला लॉग म्हणतात. नोंदी हलवणारा प्रोग्राम माझा होता आणि त्याचा लॉगही माझाच. तो मराठीत होता. लॉग मराठीत लिहू नये असं कुठं लिहिलेलं मला तरी सापडलं नाही.

आमच्या कंपनीचे शिवानंद सर शनिवारी फोनवर म्हणाले होते, "शिल्पा, हे नीट झालं तर तुझं टेबल तिथंच राहू दे. नाही झालं तर एक तारखेपासून बेळगावात खोली बघ. रागानं नाही सांगत. तिकडं लाईट जाते, रेंज जाते. तू गेलीस म्हणून काम थांबून चालतंय काय?"

टेबल म्हणजे पडवीतलं फणसाच्या फळीचं टेबल. बाबांनी केलेलं. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे. तिथून खळं दिसतं, खळ्यापलीकडं शेत, शेतापलीकडं रान. चार वर्षं मी तिथं बसून काम करते.

●

तीन आठवड्यांपूर्वी. चाचणी.

सर दर दहा मिनिटांनी विचारायचे, "किती टक्के?" मी त्यावर एक उपाय काढला. गठ्ठा उचलला रे उचलला की लॉगमध्ये ओळ पाडायची: गठ्ठा अमुक झाला. ओळ लवकर पडली की टक्का लवकर हलतो. टक्का हलला की फोन थांबतो.

दुपारी सरांनी स्वतः जाऊन मशीनची वायर उपटली. परीक्षा म्हणून.

"लॉग काय म्हणतोय?"

"एकसष्ट गठ्ठे झाले, सर."

"नव्या यंत्रणेत साठच आहेत. चारशे माणसं कुठं गेली?"

"उचलली होती, सर. ठेवायची राहिली."

"उचलली असं कुठं लिहिलंय? झाली असं लिहिलंय."

त्यांचं बरोबर होतं. त्यांच्या शेजारी आमचा प्रज्योत बसला होता. कंपनीत तो माझ्यानंतर दोन वर्षांनी आला. एरवी फोनवर त्याच्या चहाचा घोटसुद्धा ऐकू येतो. त्या दिवशी घोट घ्यायचाही तो थांबला होता.

"घरून काम असंच होतंय बघ," सर म्हणाले.

हे बरोबर नव्हतं.

●

दुसऱ्या दिवशी खळ्यावर भाताची रास मापायची होती.

आमच्याकडे रास मापताना कुणी बोलत नाही. आकडे मोठ्यानं मोजत नाहीत. किती झालं, किती राहिलं असं विचारतही नाहीत. बाबा मापतात आणि आई, फुला तिचं नाव, ओहळातून आणलेल्या पांढऱ्या खड्यांपाशी बसते. माप राशीत खुपसायचं, भरायचं, वरून हात फिरवून सपाट करायचं, पोत्यात उतरवायचं. मग रिकामं माप जमिनीवर टेकलं की आई एक खडा उजवीकडून डावीकडे सारते. भरताना नाही. उचलताना नाही. टेकल्यावर.

मी सहा वर्षांची असताना पहिल्यांदा खड्यांपाशी बसले. माप भरलं तसा मी खडा सारला. तेवढ्यात बाबांचा पाय घसरला आणि माप पोत्याबाहेर सांडलं. आईनं काही न बोलता माझा खडा परत उजवीकडे नेला. तेव्हापासून ही चूक मी खळ्यावर कधी केली नाही. टेबलावर केली.

त्या दिवशी अर्धं माप भरलेलं असताना फाटकातून कुणीतरी हाक मारली. बाबा माप तसंच राशीत ठेवून गेले. आई उठली, त्यांच्या जागेवर बसली, आणि ते अर्धं माप तिनं राशीत पालथं केलं. माप रिकामं असलं की कामापुरतं बोललं तर चालतं.

"आये, अर्धं भरलं होतं की ते."

"त्याला खडा हाय काय?"

"न्हाई."

"मग ते माप न्हाई. राशीतलंच भात हाय."

"बाबांना इचारायचं होतंस, किती झालं ते."

"त्यास्नी कशाला? खडे हाईत की. माणूस गेला, मेला, तर रास काय तशीच ठेवायची?"

फाटकातून बाबा म्हणाले, "मेलो न्हाई अजून. पानाला चुना मागायला आलाय."

आई हसली नाही. रास मापताना हसत नाहीत. खड्यांपाशी मी बसले.

माप टेकलं. खडा. माप टेकलं. खडा.

●

पुढच्या दोन दिवसांत मी लॉग नव्यानं लिहिला.

आता गठ्ठा पलीकडे उतरला, तिथं पुन्हा मोजला, चारशे भरले, तरच ओळ पडायची. ज्याची ओळ नाही ते अर्धं माप. ते पुसायचं आणि पुन्हा भरायचं. आणि थांबलं तर काय करायचं, तेही प्रत्येक ओळीत.

सरांनी वाचलं. "प्रत्येक ओळीत तेच तेच कशाला?"

"शेवटची ओळ कुठली असेल ते आधी ठाऊक नसतं, सर."

"आणि टक्का कुठाय?"

"गठ्ठ्याचा नंबर आहे."

"दवाखान्याच्या साहेबांना टक्का लागतो."

"मग भागाकार मी करून देते."

"लई शहाणी झालीस," सर म्हणाले. पण त्यांनी ओळ बदलायला लावली नाही.

●

रविवार. साडेअकराला दोन मिनिटं कमी असताना मी ३१० वी ओळ वाचली. सगळं वेळेवर होतं. बाबांनी पाणी मागितलं म्हणून उठले, तांब्या भरला, आणि परत येऊन बघते तर स्क्रीनवर

(या भागाखाली खडा पडला नाही. पुसला. पुन्हा.)

रविवार. साडेअकराला दोन मिनिटं कमी असताना मी ३१० वी ओळ वाचली. सगळं वेळेवर होतं. बाबांनी पाणी मागितलं म्हणून उठले, तांब्या भरला, आणि परत येऊन बघते तर स्क्रीनवर तीच ओळ. ३१०. तीन मिनिटं झाली, तरी ३१०.

पंखा थांबलेला होता. रस्त्याकडे तारेवर झाड पडलं होतं. टॉवरही गेला. लॅपटॉपची बॅटरी भरलेली होती, पण त्याला बोलायला कुणी नव्हतं.

बेळगावातलं मशीन चालू असेल. त्याला आमच्या लाईटशी काही देणंघेणं नाही. पण नसेल तर? आणि तेवढ्यात सरांनी मला फोन केला तर? एक तारखेची खोली मला दिसायला लागली. खिडकीसमोर दुसऱ्या घराची भिंत.

आई खळ्यावरून आली. "तोंड का उतरलंय?"

"रेंज गेली. मशीन चालू हाय का न्हाई, कळायला मार्ग न्हाई."

"खडे ठेवलेस न्हवं?"

"ठेवलेत."

"मग?"

"मग काय. जीव राहत न्हाई."

"जा तर. पर भाकरी खाऊन जा. उपाशी माणसाला रेंज मिळती व्हय?"

●

स्कूटर काढली. जोयड्यात रेंज नव्हती. पुढे वळणावळणांवर फोन वर धरून पाहिला, नव्हती. थेट गणेशगुडीच्या पुलावर पोचले तेव्हा खिशातला फोन थरथरायला लागला आणि थांबेचना. राफ्टिंगची पोरंपोरी केशरी जाकिटं घालून पुलावरून चालली होती. मी कठड्याला टेकून उभी राहिले.

सरांचे चौदा कॉल. पहिला अकरा एक्केचाळीसला. शेवटचा बारा बावीसला. त्यानंतर एकही नाही.

चौदा कॉलची मला भीती वाटली नाही. त्यानंतरच्या शांततेची वाटली. कंटाळून, सोडून देऊन माणूस असाच थांबतो.

फोनवर लॉग उघडला.

११:३८ गठ्ठा ३१८ उतरला. मोजले: ४००. पुढचा: ३१९. आत्ता थांबलं, तर ३१९ पुसा आणि ३१९ पासून पुन्हा चालवा.

त्याखाली एक ओळ होती. ती माझ्या प्रोग्रामची नव्हती.

१२:२४ थांबलं होतं. ३१९ अर्धवट सापडला, १३७ जण. पुसला. ३१९ पासून चालू केलं. प्रज्योत.

आणि त्याखाली,

१२:२६ गठ्ठा ३१९ उतरला. मोजले: ४००. पुढचा: ३२०. आत्ता थांबलं, तर ३२० पुसा आणि ३२० पासून पुन्हा चालवा.

त्याखाली ३२०, ३२१, ३२२. मी बघत असतानाच आणखी एक पडली.

प्रज्योतला फोन लावला.

"शिल्पाक्का, हाईस कुठं?"

"गणेशगुडीत. काय झालं?"

"काय न्हाई. खोलीतला एसी बंद पडला, मशीन तापलं आणि झोपलं. ओळी थांबल्या म्हणून दवाखान्यात पळालो. उठवलं."

"पण तू हा प्रोग्राम कधी बघितलाच न्हाईस."

"न्हाईच की. अजूनपण न्हाई बघितला. खालची ओळ वाचली. तिनं सांगितलं ३१९ पूस, पुसला. चालव म्हणाली, चालवला."

"आणि सर?"

"माझ्या मागंच उभे होते, फोन कानाला लावून. चौदा वेळा तुला लावला. मी म्हटलं, सर, फोन राहू द्या, हिथं लिहिलंय सगळं. मग त्यांनी वाकून वाचलं."

"काय म्हणाले?"

"काय न्हाई. फोन खिशात ठेवला."

पुलाखाली काळी नदी भरून चालली होती. मी तिथं थांबून आणखी तीन ओळी पडताना पाहिल्या. मग स्कूटरला किक मारली आणि घरी आले. पुढचं बघत बसायची गरज नव्हती.

●

२२:२१ गठ्ठा ७९५ उतरला. मोजले: ४००. पुढचा: नाही. जुन्या यंत्रणेत ३१८०००, नव्या यंत्रणेत ३१८०००.

ही ओळ मी सोमवारी सकाळी वाचली, लाईट आल्यावर. सव्वाआठला सरांचा फोन आला. आई पडवीत शेंगा सोलत होती, म्हणून मी स्पीकर लावला. तिला ऐकायचं होतं. मलाही तिला ऐकवायचं होतं.

"खिडकी उघडली," सर म्हणाले. "पहिली बाई खानापूरची. अकरा वर्षांपूर्वीचा केसपेपर निघाला तिचा. ती पण चकित झाली."

"बरं, सर."

"आता एक विचारतो. काल हे सगळं झालं तेव्हा तू नक्की कुठं होतीस?"

आई शेंगा सोलायची थांबली. स्पीकर बंद करावा असं एकदा मनात आलं. नाही केला.

"वाटेत, सर. स्कूटरवर. लाईट नव्हती, रेंज नव्हती."

"म्हणजे लाईट गेली, रेंज गेली, तू पण गेलीस."

"व्हय, सर."

"आणि काम?"

"पंचेचाळीस मिनिटं थांबलं."

"ते एसीमुळं. एसी बेळगावचा. तुमच्या रानाचा काय संबंध त्यात? शिल्पा, मी तुला चौदा फोन लावले. चौदा वेळा वाटलं, ही तिकडं बसली म्हणून आपलं बुडालं. आणि त्या पोरानं एक ओळ वाचून सुरू केलं. तू इथं खुर्चीत असतीस तर आम्ही वाचलंच नसतं. तुलाच उठवलं असतं."

आई पुन्हा शेंगा सोलायला लागली.

"टेबल राहू दे तिथंच. आणि प्रज्योतच्या प्रोग्राममध्ये पण असलं घाल. तुला कुणी शिकवलं हे? कॉलेजात तर शिकवत नाहीत."

मी आईकडे पाहिलं. तिनं मान हलवून, सांगू नको, अशी खूण केली.

"आमच्या आईनं," मी म्हणाले.

"त्या काय करतात?"

"खडे ठेवतात, सर."

फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "काय सांगायची गरज होती? लोकांस्नी वाटंल, म्हातारी काम्पुटर चालवती." आणि शेंगांची टोपली घेऊन आत गेली. आत जाताना पदर सारखा करत होती. घरात कुणी आलेलं नसताना.

●

दुपारी दुसरी रास मापायला काढली. उशिरा पिकलेल्या वावरातली. बाबा मापत होते आणि आई खड्यांपाशी होती. मी पोत्याचं तोंड धरून उभी.

शेजारची देवकी काकी आली आणि खळ्याच्या कडेला टेकली. तिनं थेट आईलाच विचारलं, "फुलाबाय, शिल्पीचं काय झालं म्हणं काल? स्कूटर घेऊन पळाली. सगळी वाडी बोलालीया."

आई बोलली नाही. रास मापताना आमच्याकडे कुणी बोलत नाही. माप भरत होतं. बाबांनी हात फिरवून ते सपाट केलं. उचललं. पोत्यात उतरलं. रिकामं माप जमिनीवर टेकलं.

आईनं खडा डावीकडे सारला. मग बाबांनी पुढचं माप राशीत खुपसायच्या आत, त्या एवढ्याशा फटीत, ती म्हणाली,

"आमच्या शिल्पानं तीन लाख माणसं मापली. एक सांडलं न्हाई."

बाबांनी पुढचं माप भरलं.

●